मानस

आमच्या चोडणात मानस म्हणजे मन नव्हे.
बांधातलं दार. चिऱ्यांच्या दोन खांबांमध्ये
वरून टांगलेल्या फळ्या.
भरती आली की नदीच त्यांना लोटून मिटवते,
सुकतीला आतलं पाणी उघडतं.
रात्रीचं उठून कडी लावायला कुणी जात नाही.

दत्तेशने बुधवारी फ्रेयाच्या दंडाला चावा घेतला.
निळ्या खडूसाठी. तोही अर्धाच होता.
चार वर्षांचा आहे. दातांचे आठ ठसे मोजले मी,
फ्रेयाच्या आईला फोन केला,
आणि त्याच्याजवळ फरशीवर जाऊन बसले. गुडघे कुरकुरले.
तो उकळत्या पातेल्यावरच्या झाकणासारखा थडथडत होता.
बोलले काही नाही. पाठीवर हात ठेवला
आणि माझाच श्वास सावकाश केला,
त्याला ऐकू जाईल एवढा.
बराच वेळ गेला. खिचडी गार झाली.
रजिस्टरात या कामाला रकाना नाही.

त्याच्या बापालाही मीच शिकवलं, सत्तावीस वर्षांमागे.
तेव्हा माझ्याकडे पट्टी होती,
आणि जुन्या चटया ठेवायची एक अंधारी खोली.
प्रेमानंद आत ओरडायचा, दाराला लाथा मारायचा,
मग गप्प व्हायचा.
मी त्याला शांत झाला म्हणायचे.
तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुक केलं होतं:
वर्ग कसा चिडीचूप.

गेल्या मार्चात, मानशीच्या लिलावाच्या सभेत
त्याने खुर्ची फेकली. अध्यक्षांना लागली नाही,
भिंतीवरच्या घड्याळाला लागली.
सभा मोडली. बांधाची डागडुजी ठरायची राहिली.
कुर्ल्यांनी पोखरलेलं एक भोक, मुठीएवढं,
जूनअखेर दाराएवढं झालं
आणि खारं पाणी रुजत्या कोरगुटात शिरलं.
त्याच्या, फ्रेयाच्या आजोबांच्या,
सभेला कधीच न येणाऱ्या सुनंदाच्याही.
पाण्याला एक-चौदाचा उतारा वाचता येत नाही.

शनिवारी मुलांना बांधावर नेलं, दोरीला धरून, चौदा जण.
इनास आंतोन नवी फळी बसवत होता.
फटीतून पाणी गळत होतं. दत्तेश म्हणाला, मोडकी आहे.
मोडकी नाही रे पुता, कोरडी आहे.
पाणी पिऊ दे तिला. फुगेल, मग बसेल.
किती दिवसांनी?
तिलाच विचार.
फ्रेया म्हणाली, खिळे ठोकून बंदच का नाही करत?
इनास हसला. मग पावसाचं पाणी जाईल कुठून, बाय?
आतल्या आत कुजेल सगळं.
मी दुसरीकडे पाहिलं, काळुंदरांच्या जाळ्याकडे.
उघड्या वाऱ्यावर, इतक्या वर्षांनी,
चटयांचा वास आला.

आज दत्तेशच्या मनोऱ्याला कुणाचा तरी पाय लागला.
जबडा आवळला. मुठी वळल्या.
मी उठले नाही. उठावंसं फार वाटलं.
तो खिडकीपाशी गेला, गजांना कपाळ टेकून
नाकाने फुसफुसत उभा राहिला,
मग परत येऊन म्हणाला, बाई, मला आत्ता चावायचंय.
म्हटलं, कळलं.
म्हणाला, पण नाही चावत. आणि थोडा रडला.
मनोरा काही पुन्हा बांधला नाही.

साडेबाराला प्रेमानंदची स्कूटर दारात.
एक हॉर्न. दुसरा.
दत्तेश बुटाचा पट्टा लावतोय, उलट्या पायात.
बापाचा अंगठा बटणावर आहे, मला इथून दिसतो.
पलीकडे भरती चढते आहे,
फेरीचा उतार निम्मा बुडाला.
अंगठा तिथेच आहे.
पट्टा निघतो. दत्तेश पुन्हा लावतो.