पाच वर्षांनी बाबा

पाच वर्षांनी बाबा वर आले.
एपिरसच्या आमच्या गावात कुणालाच
कायमची जमीन मिळत नाही.
जागा थोडी, मेलेले फार.

कवटी आधी निघाली. एव्हांथिया आत्याने
तिच्या कपाळाचा मुका घेतला,
मग बाह्या सारून परातीतल्या लाल वाइनमध्ये
धूत बसली एकेक हाड.
मी पुसून चादरीवर ठेवते.
योआनिनाला वैद्यकीचं दुसरं वर्ष,
परीक्षा पंधरा दिवसांवर.
नको नको म्हणताना
हात आपोआप रांगा लावतात.

लांब हाडं : मांडी, नडगी, दंड.
या तरफा. उचलायला, चालायला.
"घुमटाचा शेवटचा दगड ह्यांनीच चढवला,"
आत्या म्हणते, आणि दंडावर वाइन ओतते.

मनगटाची आखूड हाडं, खड्यांसारखी.
असायला हवीत आठ. सातच भरतात.
पुन्हा मोजते. सात.
मणके अनियमित,
म्हणजे ज्यांचा आकार सांगताना
आमचे सर फळ्याकडे वळतात.

गुडघ्याची वाटी दाखवते तिला :
"हे तिळाच्या जातीचं. शिरेत वाढतं,
शिरेला झिजू देत नाही."
"केवढा तीळ गं!
अख्ख्या पावाला एक पुरला असता."
काळ्या रुमालाखाली हसते, सकाळपासून पहिल्यांदा.

मग डाव्या कोपराखालचं हाड.
मधोमध गाठ. वाकडं सांधलेलं.
"हे कधी मोडलं?"

परातीत तिचे हात थांबतात.

"मी नऊ वर्षांची. आमच्या बापाची काठी
माझ्या डोक्यावर येत होती.
थ्रासिवूलोसने मध्ये हात घातला.
गावाला सांगितलं, अक्रोडावरून पडला."

पुस्तकात आहे :
राखण करतात ती चपटी हाडं.
कवटी मेंदूची, बरगड्या काळजाच्या.
आपापल्या घरच्या.
दुसऱ्याच्या कवटीवर
आडवं होणाऱ्या लांब हाडाला
कुठला रकाना?

आत्या ते माझ्या हातून घेते,
स्वतःच्या पदराने पुसते,
माझ्या रांगेत ठेवत नाही.
कवटीशेजारी ठेवते.

मी काही बोलत नाही.
पेटी लहान आहे.
मांडीचं हाड तिरकं केल्याशिवाय
झाकण लागत नाही.