सल काढायच्या आदल्या दिवशी

आंबियाची संत्री परवा ट्रकात गेली.
उद्यापासून सल काढायची.

ओलं पोतं, पोत्यावर कुरुंदाचा दगड,
टमरेलात पाणी.
कोयता गुंफाबाईचा. मूठ बाभळीची,
तिच्या तळव्याच्या मापानं खोलगट झालेली;
माझी बोटं तिथे अजून पाहुणी.

बाजारात सायकलवाला बसतो, चाक फिरवणारा,
वीस रुपयांत ठिणग्याच ठिणग्या.
'निळी पडली का धार मेली,' ती म्हणायची,
'लोखंडाले घाई समजते, बाई.'

म्हणून हातानं.
पातं निजवायचं, मग पाठ जराशी उचलायची,
खालून मुंगळा जाईल इतकी.
टाचेपासून टोकापर्यंत एक सलग ओढ.
पुन्हा. पाणी. पुन्हा.
आधी दगड कुरकुरतो,
मग जात्यातलं दळण सरत आल्यासारखा
आवाज बदलतो.
दुसऱ्या अंगानं अंगठा आडवा फिरवला
की लागते बारीक कोर, उलटलेली.
ती लागली म्हणजे बाजू बदल.

मधोमध एक खाच आहे.
धुऱ्यावरच्या झाडानं गिळलेली काटेरी तार,
तिच्यावर मीच घातलेला घाव.
त्या दिवशी गुंफाबाई काही बोलली नाही,
नुसती खाचेत नख घालून बसली.
घासून काढायची तर बोटभर पातं जाईल.
राहू दे. झिजेल पाच-सहा बहारांत.

अंधारून आलं.
हातावरची लव निघते,
मनगटाजवळ एक उघडा पट्टा.
दारात मोरचूद भिजत घातलाय,
झाडागणिक पातं बुडवायला.

खोबरेल चोळते, फडक्यात गुंडाळते.
खाच फडक्यालाही अडकते.