लांबी

तार्तूमधलं लाकडी घर, आतून रंगवायचं.
फेब्रुवारी. काचेवर आतल्या बाजूनं बर्फाची साय.
मोठ्या दाराच्या चौकटीत मी एकोणीस भोकं मोजली.
हेल्दुर म्हणाला, मोजतेस काय, भर.

जुना रंग खरवडला. पांढऱ्याखाली राखाडी,
राखाडीखाली सरकारी तपकिरी,
त्याखाली पाइन, अजून चिकट.
दाढ कोरावी तशी भोकं कोरली,
भुसा फुंकून काढला, तो डोळ्यांत गेला.
मग पत्र्यावर लांबी घेऊन दाबून बसवली,
वर जराशी फुगीर ठेवली,
सुकताना ती आत ओढली जाते म्हणून.

लेइडा वरच्या मजल्यावरून कॉफी घेऊन आली.
ही पाट्यांची, ती म्हणाली.
चार बिऱ्हाडं, चार पाट्या, घंटा मात्र एकच.
एकदा वाजली तर लेपिक.
दोनदा, तर रेल्वेतला गेन्नादी.
तीनदा वाजली तर आम्ही.
चारदा, तर शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी.
आणि पाचदा?
पाचदा वाजली तर कुणीच दार उघडायचं नाही.

एका भोकात खिळा घालून मी हेल्दुरला विचारलं,
खोली केवढी असेल?
बारा चौरस मीटर, लेइडा म्हणाली,
आम्ही पाच जण.

मग कप खाली ठेवून
तिनं अंगठा लावला
घंटेच्या भोकावर, माझ्या ओल्या लांबीवर.
दाबला. उचलला. दाबला.
तिसऱ्यांदा दाबल्यावर तिला कळलं आपण काय करतोय,
आणि अंगठा झग्याला पुसत ती म्हणाली, माफ कर गं,
तुझं काम वाढवलं.

काही फार नाही वाढलं.
दुसऱ्या दिवशी त्या खड्ड्यात पुन्हा लांबी भरली.
सुकल्यावर ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशेवीस,
मग दोनशेचाळीस, लाकडाच्या रेषेनं, आडवा नाही.
पापण्या पांढऱ्या, जिभेवर खडूची चव.
हेल्दुरनं दिवा चौकटीला खेटून धरला.
तळव्याला जे लागत नाही
ते आडव्या उजेडात दिसतं.
इथे, तो म्हणाला. आणि इथे, अजून जरा.

तिसऱ्या दिवशी अस्तर मारलं.
आम्ही तिघं स्वयंपाकघरात काळा पाव खात होतो
तेवढ्यात बाहेर नवी घंटा वाजली.
एकदाच.
लेइडा पावावर लोणी लावत राहिली.