वगळलेल्या बाबी

शरणपूर रोडच्या ऑफिसातला मुलगा
पान एकतीसवर बोट ठेवतो.
चष्मा, कुबड्या, कानाचं यंत्र,
आणि घरी वापरायचं श्वासाचं.
"ॲडमिट असते ना काकू, तर बघितलं असतं."

ॲडमिट कशाला असतील?
दिवसभर अंबडला लेथवर उभे असतात हे, धडधाकट.
रात्री मात्र घोरणं मध्येच तुटतं
आणि मी अंधारात मोजते,
नऊ, दहा, अकरा…
एकदा तेवीस.
कोपर मारलं की परत येतात,
मलाच विचारतात, "काय झालं गं?"

सिडकोची भिंत एकेरी.
पलीकडच्या भामरेबाई म्हणाल्या,
"आवाजाचं काही नाही हो,
थांबला की आम्हाला जाग येते."

यंत्र बावन्न हजार. मास्क वेगळा.
फिल्टर दर तीन महिन्यांनी, आपल्याच खिशातून.
तन्वीच्या स्कूटीची आरडी मोडली.
ती म्हणाली, बसने जाईन. दार जरा जोरात लावलं.

काल पहिली रात्र.
नाकावर सोंड लावून हे झोपले, शहाण्यासारखे.
हवा एकसारखी येत राहिली.
मोजायला काही उरलं नाही,
तर मी विम्याचे हप्ते मोजायला घेतले,
सतरा वर्षांचे, एकही न चुकलेले.
बाराव्याला बहुतेक
डोळा लागला.