आत की बाहेर

नोव्हेंबरात त्रॉन्डहाइमला तीन वाजताच दिवे लागतात.
तोरुन एका सूत्राला विचारत बसलेली असते:
हा बिंदू आत, की बाहेर?
सूत्र आकार दाखवत नाही, नुसता आकडा देतं.
उणे म्हणजे आत, अधिक म्हणजे बाहेर,
शून्य असेल तिथे कातडी.
शून्यावर नेमकं बोट कधी पडत नाही.

म्हणून ती अवकाशाचे घन पाडते,
चिक्कीच्या वड्या पाडाव्यात तसे.
वडीला आठ कोपरे, आठ प्रश्न.
एक होय म्हणाला, शेजारचा नाही,
तर त्यांच्यामधल्या कडेवर कुठेतरी
भिंत ओलांडली गेली. तिथे खूण.
खुणा जोडल्या की त्रिकोण.
पुढचा घन.

रविवारी ती बापाकडे जाते, फियॉर्डच्या टोकाला.
हालवारने एकशे बारा होड्या बांधल्या,
एकीचाही नकाशा नाही.
फळी वाकवायची, डोळा बारीक करायचा,
"अजून जाड आहे ही", की रंधा.
मार्चमध्ये मेंदूत गुठळी झाली.
आता दोनच शब्द उरलेत: या, नेय.
(नकार थेट आपल्या "नाय"सारखा ऐकू येतो.
पहिल्यांदा मी दचकलोच.)

एकशे तेरावी शेडमध्ये अर्धी उभी होती.
तोरुनने सुतळ्या ताणून हवेत चौकोन केले,
आईची विणायची सुई धरली.
इथे, बाबा? लाकूड?
या.
इथे?
नेय.
मी वहीत लिहीत गेलो. बोटं गारठली.

नाळेपाशी एका चौकोनाने अडवलं:
समोरासमोर दोन होय, समोरासमोर दोन नाही.
होय जोडायचे की तोडायचे, कोपरे सांगत नाहीत.
आमच्या धंद्यातली ही जुनी डोकेदुखी;
शेजारच्या घनाने वेगळं ठरवलं
की पृष्ठभागाला भोक.
स्क्रीनवरच्या भोकातून काळोख दिसतो फक्त.
होडीच्या भोकातून पाणी येतं.

तिने सुई बरोब्बर मध्यावर धरली.
हालवार बोलेना.
मग डावा हात उचलून
त्याने सुई बोटभर खाली सरकवली
आणि म्हणाला: या.

सोमवारी अकरा हजार त्रिकोण.
मी विचारलं, भोकं किती?
"एक. मागे, उजवीकडे.
तिथे पोचलो तेव्हा त्याला झोप लागली होती."