कळ

त्यालिंग ऑर्गनच्या पोटात शिरला
की बाहेर त्याचा फक्त आवाज उरतो: "पुढची."
मी पुढची कळ दाबते, दाबून धरते.
आत तो पाइपाच्या गळ्यातली पत्र्याची बाही
हलकेच ठोकतो, वर, किंचित खाली,
दोन सुरांमधली थरथर मंदावत मंदावत
थांबते.
"पुढची."
एकोणीस वर्षं मी त्याची एवढीच भाषा ऐकली.

बाकीचं सगळं तो त्या डबीशी बोलायचा.
चष्म्याच्या घराहून जराशी मोठी, करडी,
उघडली की कळफलक पुढे सरकायचा
टेबलाचा खण ओढावा तसा.
शिडीवर उभ्या उभ्या, टॉर्च दातांत धरून
दोन अंगठ्यांनी टिपायचा:
ऊस्टरहेम. ९ अंश. ट्रम्पेट बसका. उंदीर.
दोन पेन्सिल सेलांवर महिना निघायचा.
बिजागरी तीनदा मोडली, तीनदा त्यानेच जोडली.
मग पडद्यावर उभ्या रेघा आल्या,
अक्षरं गजांआडून बघू लागली,
आणि एका फेब्रुवारीत, चर्चमध्ये श्वासाची वाफ होत असताना
डबी काळवंडली ती उजळलीच नाही.

आतून "पुढची" आलं नाही.
मी तीच कळ दाबून बसले होते,
मनगटात कळ येईपर्यंत.

लेउवार्डनच्या दुकानातून त्याने आणला
त्यांच्याकडचा सगळ्यात छोटा लॅपटॉप.
कागदासारखा पातळ, पाठीला थंडगार.
त्याने आधी नाव विचारलं, मग गाव,
मग म्हणाला, चेहरा दाखव.
त्यालिंगने टोपी काढली.

जुन्या कार्डातल्या नोंदी भाच्याने, सीत्सेने,
दोन रात्री जागून सोडवल्या.
नवं यंत्र त्यांच्याखाली लाल नागमोडी रेघ ओढत गेलं,
शाळेतल्या कडक बाईंसारखं. एकही शब्द त्याला मान्य नव्हता.
वा.क. म्हणजे वारा कमी, हे मला ठाऊक होतं.
भा.फा. म्हणजे भाता फाटला.
पण ये.थ.?
दर दहा-बारा ओळींनी ये.थ., आणि पुढे: थांबलो.
मला वाटलं, एखादा पाइप असेल, हट्टी, वारंवार उतरणारा.
विचारलं तर तो खिडकीबाहेर बांधावरच्या मेंढ्या मोजू लागला.
"येल्त्ये थकली," म्हणाला.

म्हणजे ते गुडघे.
दर तासाभराने धरणारे त्याचे ते गुडघे,
ज्यांच्यासाठी आम्ही कॉफी प्यायला उतरायचो,
आणि ज्यांना मी घरी निघताना मलम सुचवायचे.

लॅपटॉपला मांडी लागते.
ऑर्गनच्या पोटात उभं राहायला जेमतेम जागा,
मांडी घालायची कुठे?
पहिल्या दिवशी त्याने तो शिडीच्या पायरीवर ठेवून पाहिला,
छातीशी धरून पाहिला, तान्ह्या बाळासारखा,
एकदा तर जुन्या सवयीने अंगठे उचलले
आणि ते हवेतच राहिले.
मग खाली येऊन माझ्या शेजारी, बाकावर ठेवला.
"तू लिही," म्हणाला.

तेव्हापासून तो आतून जास्त बोलतो. बोलावंच लागतं.
"ट्रम्पेट, तिसरा, जीभ वाकलीय, लिहिलंस?"
"धूळ. नाही, धूळ नको लिहूस. बरं, लिही."
मी पूर्ण वाक्यं लिहिते, स्वल्पविराम देऊन.
लाल रेघ क्वचित येते.
डाव्या हाताखाली कळ, उजव्या हाताखाली सगळ्या बाकीच्या,
कधी चुकून दोन्ही हात एकदम दाबले जातात
आणि अख्ख्या चर्चभर एक स्वर
लिहिण्याच्या लयीत तुटत राहतो.

डबी त्याच्या कोटाच्या खिशात अजून आहे, सेल काढलेली.
काल ऊस्टरहेममध्ये ७ अंश होते.
आत तो खोकला, थांबला, पुन्हा खोकला.
मी लिहिलं: त्या.खो.
यंत्राने खाली लाल रेघ ओढली.
मी ती तशीच राहू दिली,
आणि वर हाक मारली,
"माझी पाठ धरलीये रे, उतर जरा."