नातं

बांबोळीच्या इस्पितळात रात्रपाळीला
रक्ताच्या नळ्या माझ्या हातून जातात.
मी सुलक्षा शेट, डिचोलीची.
बाप सोनार होता, म्हणून भेसळ
मला आधी बोटांना कळते, मग यंत्राला.

शेवंती वैद्य, वय चौऱ्याहत्तर,
आठवड्यातून तीनदा डायलिसिस.
उशाशी बसणारा चाळिशीचा दिसतो,
एक किडनी देतो म्हणतो.
फॉर्मवर : रायू वैद्य. बेचाळीस. नातं : मुलगा.
अक्षर मात्र असं
की प्रत्येक शब्दाआधी टाक दौतीत बुडवला असावा.

मी त्याची नळी फिरवली.
वर पिवळसर पाणी, खाली लाल गाळ,
आणि त्या लालाच्याही खाली, तळाशी
मोहरीएवढा थेंब.
चंदेरी. हलवला की पळतो, फुटत नाही.

हा थेंब मला माहीत होता.
मुलाम्याच्या दिवशी बाप सगळ्या खिडक्या उघडायचा,
आम्हां पोरांना अंगणात हाकलायचा.
पारा ज्याच्या अंगात राहतो
तो माणूस राहत नाही.

पहाटे तीनला, चहाच्या यंत्रापाशी, मी विचारलंच.
त्याने आधी माझा चहा भरून दिला.

"जुन्या गोव्यात, नदीकाठी, गुरूची भट्टी होती.
शहर तापानं रिकामं होत होतं,
घंटा वाजवायला माणसं पुरत नव्हती.
फिरंगी सरदार दिवसा आमच्या पोथ्या जाळायचे
आणि रात्री नाडी दाखवायला पालखी पाठवायचे.
पाऱ्याचे अठरा संस्कार.
सतरा गुरूने भट्टीत केले, अठरावा माझ्यावर.
दुसऱ्या दिवशी तो हगवणीनं गेला.
निकाल त्याने पाहिलाच नाही."

"मग?"

"मग काय. भाड्याची घरं.
दर वीस वर्षांनी गाव बदलायचा,
लोक तोंड न्याहाळू लागायच्या आत.
फोंडा, मडगाव, पणजीत फोंताइन्याश.
एका पात्रांवाकडे कंपाउंडर होतो, सुया उकळायचो.
पेनिसिलीनची पहिली कुपी हातात आली
तेव्हा मागच्या जिन्यावर बसून रडलो.
आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाऱ्यात शोधत होतो,
ते बुरशीत निघालं."

त्याच रात्री शेवंतीबाईंना ताप भरला.
त्या त्याला बाबा म्हणाल्या.
नर्सने नोंद केली : रुग्ण भ्रमात.

शुक्रवारी जुळणीचा निकाल आला. अर्धा जुळतो.
आईशी मुलाचा अर्धाच जुळतो,
बापाशी मुलीचाही अर्धाच.
यंत्र दिशा सांगत नाही.
मी पाऱ्याबद्दल एक ओळ लिहिली, खोडली,
पुन्हा लिहिली.
आणि खाली सही केली.

ओळ कुणी वाचायच्या आधीच प्रश्न मिटला.
संमतीच्या कागदावर शेवंतीबाईंनी सही केली नाही.
पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई,
कागद पूर्ण वाचला,
पेनाला टोपण लावून परत दिलं.
"बाबा, म्हाका नाका.
तूं उरतलो. म्हाका वचूंक दी."

तो वाद घालेल असं मला वाटलं होतं.
एवढ्या वर्षांत काहीतरी युक्तिवाद साठला असेल ना.
त्याने पिशवीतून खोबरेलाची बाटली काढली
आणि तिच्या पोटऱ्या चोळत बसला,
महिन्याच्या पोराच्या चोळतात तशा,
गुडघ्याकडून खाली, अंगठ्यापर्यंत.

चवथीच्या चार दिवस आधी त्या गेल्या.
शवागाराच्या खिडकीत पुन्हा एक फॉर्म,
पुन्हा तोच रकाना.
यावेळी त्याने लिहिलं : बाप.
कारकुनाने दोन्ही वयं पाहिली, त्याच्याकडे पाहिलं,
म्हणाला, दुःखात होतं असं, खोडून परत लिहा.

त्याने खोडलं नाही.
बॉलपेनने लिहिलेल्या त्या दोन अक्षरांवर
तो हलकी फुंकर घालत राहिला,
शाई वाळेपर्यंत.